पहाटेची पोटदुखी

चुलीवरचं आधण, उघडा हौद, बिनकठड्याची गच्ची यांवर आईचं लक्ष असतंच. पण पावसाळ्यात वस्तीवर मला जास्त धास्ती वाटते ती मण्यार या विषारी सापाची. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या लेकराला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोर पोट दुखतंय म्हणतं, पापण्या मिटू लागतात आणि घरचे ओवा शोधत बसतात! विष तेवढंच, अंग मात्र लहान. म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्या माणसाइतकीच देतात. आवळून बांधू नका, चिरू नका. हातपाय हलू न देता १०८ला फोन करा. आणि निजताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा.