दाढ काढावी की राखावी?



आम्ही डॉक्टर नव्हे. जे थोडे शिकलो ते कामगारांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून आणि हाती येतील ती पुस्तके वाचून. त्या बाकावर एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले : "डॉक्टरसाहेब, काढूनच टाका एकदाची!" त्यात दाढेच्या दुखण्याइतकीच बुडणाऱ्या खाड्याचीही कळ असते.

दाताचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण त्यात जिवंत पेशी नाहीत. म्हणून मोडलेले हाड सांधते, तसे ते सांधत नाही. कीड म्हणजे अळी नव्हे. साखरेवर पोसलेले जंतू आम्ल सोडतात आणि त्याने कवच विरघळते. आरंभीचा पांढरा डाग फ्लोराइडच्या पेस्टने सावरू शकतो. खड्डा पडला की तो भरावाच लागतो. आणि लहान खड्डा बहुधा दुखत नाही, हीच खरी गोम! न दुखणाऱ्या दाढेसाठी पाळी कोण बुडवील? यंत्र कुरकुरताच तेलाची बुधली घेऊन धावणारा आमचा फिटर स्वतःची दाढ मात्र लवंगतेलाच्या बोळ्यावर रेटतो.

वरवरचा खड्डा एका बैठकीत भरून होतो. पूर्वी चांदी भरीत. तीत सुमारे निम्मा पारा असे. आता दाताच्या रंगाचा मसाला अधिक चालतो. कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनल आले : सडलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या धुऊन गटापर्चा हा झाडाच्या चिकाचा पदार्थ भरायचा, आणि पोखरलेली दाढ फुटू नये म्हणून वर टोपी बसवायची. खेपा वाढतात, खर्चही वाढतो. मग काढणे स्वस्त वाटते. पण शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा लांबत येतो, जबड्याचे हाड झिजते. पूल बसवायचा तर बहुधा दोन्हीकडचे धड दात घासावे लागतात. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रोग्याच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे रोवले. ती युक्ती उत्तम, पण आमच्या माणसाच्या पगारात बसत नाही. उरते कवळी. अर्थात मुळापर्यंत चिरलेली दाढ राखण्याचा हट्ट आम्हीही धरणार नाही.

ब्रिटनमध्ये जुलै १९४८ पासून दातांचे उपचार फुकट झाले आणि कवळ्यांसाठी रीघ लागली. १९५१ साली कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसवण्याचे ठरताच, ती योजना उभारणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. पोरवयात खाणीत राबलेला माणूस तो! त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे; तरी एक बोचते. कवळी ही दात गेल्यानंतरची सोय.

आमच्या करारांत बोनस आला, रजा आल्या, कॅन्टीनचा चहासुद्धा आला. दात तपासण्यासाठी वर्षातून एक पगारी अर्धा दिवस आला नाही, कारण आम्ही तो कधी मागितलाच नाही. येत्या करारात मागणार आहोत. मालक हसतील. हसू द्या, त्यांचे दात शाबूत आहेत.