एंजल माशाचे शेजारी



घरात भाडेकरू ठेवावयाचा झाला, तर आपण मंडळी केवढी चौकशी करतो! माणसे किती, स्वभाव कसा, मुक्काम किती दिवसांचा. काचेच्या टाकीत मासे सोडताना मात्र ही चिकित्सा कोठे नाहीशी होते, कोण जाणे. डोळ्यांना भावले ते पिशवीत बांधून आणावे, आणि महिन्याभरात संख्या रोडावली की ‘पाणी मानवले नाही’ म्हणून मोकळे व्हावे, असा प्रघात पडला आहे. दोष पुष्कळदा पाण्याचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. येथे सिव्हिल लाइन्समध्ये ज्या बैठकीत टाकी आहे तिच्यात एंजल मासा बहुधा असतोच; म्हणून आज त्याच्यापुरतेच बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले वर्णन १८२३ साली केले. चपटे अंग आणि उभे काळे पट्टे ही त्याची शोभा नव्हे, तर बुडालेल्या फांद्या व पाणवनस्पतींच्या दांड्यांत लपण्याची युक्ती आहे. कुळ सिक्लिडांचे, म्हणजे आपल्या बाजारातल्या तिलापियाचे. चाल संथ, ऐट देवदूताची. पण वृत्ती शिकाऱ्याची. तोंडात मावेल ते भक्ष्य, एवढाच त्याचा नियम.

निऑन टेट्राची गोष्ट येथेच येते. निळ्या-तांबड्या रेघेचा हा इवलासा मासाही अ‍ॅमेझॉनकडचाच. मग दोघे एकत्र का नांदू नयेत? गाव एक असले म्हणून पंगत एक होत नाही! दुकानातला एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि त्या वयात निऑनशी त्याचे बरे जमते. पुढे तो पंधरा सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. निऑन तीन-चार सेंटिमीटरांचाच राहतो. मग रोज सकाळी एकेक निऑन कमी होऊ लागतो आणि घरातली मुले मेलेला मासा शोधीत बसतात. तो सापडत नाही. तेव्हा शेजारी निवडावयाचा तो आजचा आकार पाहून नव्हे, वर्षानंतरचा पाहून.

उलट बाजूही आहे. एंजलचे लांब, तलम पर कुरतडणारे मासे थोडे नाहीत. पट्टेदार टायगर बार्ब त्यांत अग्रणी. दुसरा गंबुशिया. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला आणि पुढे ठिकठिकाणच्या तळ्यांत सोडला गेला. जबलपूर तर बावन्न तालांचे गाव. मुले तळ्यावरून पेला भरून मासे आणतात त्यांत हा करडा, निरुपद्रवी दिसणारा पाहुणा असण्याचा संभव असतो. त्याला एंजलच्या टाकीत मुळीच थारा देऊ नये.

सोनमाशाचे वावडे निराळ्या कारणाने. त्याला गार पाणी रुचते, एंजलला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा एंजलच्या टाकीत हीटर हवाच, आणि तो सोनमाशाला जाचतो.

मग ठेवावे कोणाला? तळाशी फिरणारे कोरिडोरास, पाच-सहांच्या घोळक्याने. मोती गुरामी, तो अंगाने पुरेसा आणि वृत्तीने शांत. पूर्ण वाढलेली मोलीही चालते. येथल्या बोअरच्या जड पाण्यात मोली तर खूशच असते, आणि दुकानातला एंजलही ते सोसतो. कारण तो अ‍ॅमेझॉनहून आलेला नसून कोलकाता वा चेन्नईकडच्या टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेला असतो. परगावच्या पाण्याची सवय कशी होते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. टाकी मात्र निदान अठरा इंच उंच हवी.

एवढी निवड करूनही एक दिवस घोटाळा होतो. पाच-सहा एंजल एकत्र वाढविले की त्यांतले दोन जोडी जमवितात, रुंद पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर अंडी घालतात आणि अर्धी टाकी आपली म्हणून जाहीर करतात. कालचे स्नेही कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहतात. जो पुढे येईल त्याचे खवले निघतात. अशा वेळी हलवावे कोणाला? आमच्या मते जोडीलाच वेगळी टाकी द्यावी. नर-मादी दोघेही परांनी वारा घालीत अंड्यांची राखण करतात खरी. पण रात्री दिवा मालवला की त्यांना काही दिसत नाही, आणि दिवसभर गरीब वाटणारे आपले कोरिडोरास त्याच अंधारात मिशांनी चाचपडत अंड्यांपर्यंत पोहोचतात.