हाक मारली, पण ऐकायला थांबलं कोण?



१९०० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं एक बक्षीस जाहीर केलं. एक लाख फ्रँक! परग्रहावरच्या कुणाशी संपर्क साधून जो उत्तर मिळवेल, त्याला ते मिळणार होतं. त्यासाठी पैसे ठेवणाऱ्या बाईंची अट एकच होती: मंगळ धरायचा नाही. मंगळावर वस्ती आहे हे तेव्हा इतकं पक्कं मानलं जात होतं, की इतक्या सोप्या कामाला बक्षीस कशाला, असा त्यामागचा हिशेब.

तुम्ही हसलात. पण त्या काळातल्या लोकांचं एक तत्त्व आजही चालतं. सैबेरियात झाडं लावून पायथागोरसची आकृती उभी करावी, सहारात मोठाले चर खणून त्यात रॉकेल पेटवावं, अशा कल्पना गणितज्ञ गाउस आणि खगोलशास्त्रज्ञ लिट्रो यांच्या नावावर सांगितल्या जातात. शार्ल क्रो हा फ्रेंच कवी प्रचंड आरशानं मंगळाकडे उजेड फेकायची योजना घेऊन सरकारच्या मागे लागला होता. समोरच्याला आपली भाषा कळणार नाही, भूमिती मात्र कळेल, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

१९५९ साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी आरशाच्या जागी रेडिओलहरी आणल्या. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे आणि तो २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. ज्याला रेडिओ दुर्बीण बांधता येते, त्याला ही लहर माहीत असणारच. तेव्हा भेटायचं तर याच नाक्यावर, असं त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथून दोन ताऱ्यांकडे कान लावला. काही ऐकू आलं नाही. याच ड्रेकसाहेबांनी पुढे माणसाची सर्वांत गाजलेली हाक तयार केली. ती जरा सावकाश पाहू.

दिवस १६ नोव्हेंबर १९७४. पोर्टो रिकोतल्या आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण. तिथून शौरी तारकासमूहातल्या एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ खुणा पाठवल्या गेल्या. खूण एक तर शून्याची, नाही तर एकाची. आता १६७९ च का? कारण हा आकडा २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. दुसरी कोणतीही फोड होत नाही. ज्याला गणित येतं तो या खुणा ७३ ओळींत, प्रत्येक ओळीत २३ अशा मांडून बघेल आणि त्याच्यासमोर चित्र उभं राहील. वर एक ते दहा अंक. त्याखाली १, ६, ७, ८, १५, म्हणजे हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फॉस्फरस यांचे अणुक्रमांक; आपला डीएनए यांचाच बनलेला. मग त्या डीएनएचा पीळ. मग माणूस. त्याची उंची सांगायला मीटर-फूट चालणार नाही, म्हणून मोजपट्टी कोणती? ज्या लहरीवर निरोप येतोय, तिचीच लांबी, १२.६ सेंटिमीटर. अशा चौदा लांब्या, म्हणजे जवळजवळ पावणेसहा फूट. त्याखाली सूर्यमाला, तिच्यात तिसरा ग्रह माणसाच्या बाजूला किंचित सरकवलेला. शेवटी दुर्बीण.

निरोप संपायला तीन मिनिटंही लागली नाहीत. एम-१३ आहे सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवर. उत्तर आलंच, तर ५०,००० वर्षांनी. आणि ती दुर्बीण? १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली.

दुसरी हाक आपल्या जास्त जवळची आहे. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. ती वाजवायची कशी याच्या खुणा वेष्टणावर कोरल्या आहेत आणि वेळेचं माप पुन्हा हायड्रोजनच्याच अणूचं घेतलं आहे. तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आज ते यान इतकं दूर आहे, की त्याच्याकडून निघालेला संदेश आपल्याला मिळायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. तरीही एखाद्या ताऱ्याच्या दीड-दोन प्रकाशवर्षं जवळून जायला त्याला चाळीस हजार वर्षं लागतील.

असे निरोप पाठवावेत का? आरेसिबोच्या वेळीच ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी हरकत घेतली होती. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये कोलंबसाची आठवण करून दिली: तो उतरला, पण तिथल्या मूळ रहिवाशांचं भलं झालं नाही. मला ही भीती तितकीशी पटत नाही. आपल्या हवेत प्राणवायू दोन अब्ज वर्षांहून जास्त काळ आहे. चांगली दुर्बीण असलेल्या कुणालाही इथे सजीव असावेत, हा संशय केव्हाच आला असेल.

माझी तक्रार वेगळी आहे. २००८ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून सप्तर्षीतल्या एका ताऱ्याकडे चक्क चिप्सची जाहिरात पाठवली गेली. पृथ्वीच्या वतीनं! कोणी कोणाला विचारलं? परक्यांचा संदेश आला तर सल्लामसलतीशिवाय उत्तर देऊ नये, असं शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९८९ मध्ये ठरवलं. पण आपण होऊन हाक मारायला आजही कुणाची आडकाठी नाही. शिवाय उत्तर घ्यायला कुणी थांबलेलंही नाही. पत्र टाकायचं आणि त्याच दिवशी घर सोडून जायचं, असा हा प्रकार झाला.

आपल्याला रेडिओ येऊन सव्वाशे-दीडशे वर्षं झाली. आकाशात कुणी बोलतं असेल, तर ते आपल्याहून वडीलच असण्याची शक्यता मोठी. मग धाकट्यानं आधी ऐकावं. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि काम एकच: ऐकणं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा.

सगळ्या देशांनी एकत्र बसून मजकूर ठरवावा, तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाठवावा आणि उत्तर ऐकायची सोय पिढ्यान् पिढ्या टिकवावी. हे जमेल तेव्हा खुशाल हाक मारू. तोवर निरोप बंद ठेवावेत आणि दुर्बिणी चालू, एवढंच माझं म्हणणं आहे.