दशांशचिन्हाच्या पुढचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, ‘तू आयुष्यभर कॉम्प्युटरच्या भाषा शिकलास, त्यावर बोल.’ डहाणू-तलासरीच्या माणसाला भाषांचं काय कौतुक? आपल्या वर्गात घरी वारली बोलणारे होते, गुजराती बोलणारे होते. मराठीत ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, गुजरातीत आजोबा. त्यावरून आपल्या वर्गात झालेले घोटाळे तुम्हाला आठवतच असतील.

दहावीनंतर वापीच्या एका क्लासमध्ये बेसिक शिकलो. दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९६४ साली नवख्यांसाठी केलेली ही भाषा मला गुजरातीतून शिकवली गेली. एका कॉम्प्युटरवर आम्ही चारजण. मग कोबोल आणि त्यानंतर फॉक्सप्रो. तिथंही ‘दादा’ भेटलाच. बेसिकमध्ये ‘इंट’ला उणे अडीच दिले की उणे तीन मिळतात, फॉक्सप्रोत उणे दोन. शब्द तोच.

या ‘इंट’ची एक गोष्ट आहे. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

फॉक्सप्रो नुकतंच शिकलो होतो, तेव्हा चिकूच्या एका आडत्याने हिशेबाचा प्रोग्रॅम करून मागितला. वजन घातलं की भावाने गुणायचं, आडत कापायची, शेतकऱ्याची पट्टी छापायची. आकडे कागदावर एका ओळीत बसेनात, म्हणून मी वजनाला ‘इंट’ लावलं. ३७.८ किलोचे झाले ३७. पट्टी सुबक दिसू लागली. आडत्या खूश, मीही खूश.

हंगाम संपताना तलासरीकडच्या एक मावशी आल्या. वाडी कसली, चारदोन झाडं. त्यांनी काट्यावरच्या हाताने लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या रुमालात बांधून जपल्या होत्या. चाळीस होत्या. सहावीतल्या मुलीने त्यांची बेरीज केली होती, ४१२.६ किलो. माझ्या पट्ट्यांची बेरीज ३९१. मावशी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पोरगी चुकली का बघा.’

पोरगी चुकली नव्हती.

त्यांचे पैसे त्याच दिवशी मिळाले. प्रोग्रॅम मी रात्रीत दुरुस्त केला. पण बाकीच्यांचं काय? आडत्या म्हणाला, ‘त्यांनी कुठं विचारलंय?’ मी हट्ट धरला आणि फाइल उघडली. फाइलमध्ये ३७च होते. वजन साठवतानाच मी दशांश कापला होता, मूळ आकडा कुठेच नव्हता. ज्यांनी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या अशा सहा-सात जणांना फरक मिळाला. इतरांचं किती गेलं हे आता कुणालाच काढता येणार नाही. त्या कामाचे मला मिळालेले पैसे मी परत केले नाहीत. एवढं मोठं मन नव्हतं, आणि घरी गरज होती.

पुढे मुंबईला गेलो. सन २००० जवळ आलं, तशी जुन्या कोबोलवाल्यांना अचानक किंमत आली. वर्षाचे दोनच आकडे साठवले होते, जागा वाचवायला! मला ते फार ओळखीचं वाटलं. नंतर जावा आली. २००७ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं, आणि माझी चौदा-पंधरा वर्षांची हातोटी अडगळीत गेली. चाळिशीत पायथॉन शिकायला बसलो, तेव्हा शिकवणारा माझ्या भाच्याच्या वयाचा होता. मी त्याला ‘सर’ म्हणायचो, तो लाजायचा.

गणिताच्या सरांसाठी एक गंमत. अर्धा आला की पुढचा पूर्णांक घ्यायचा, हे आपण पाठ केलं होतं ना? पायथॉनला अडीच ‘राउंड’ करायला सांगा, दोन देते. साडेतीनचे मात्र चार. जवळचा सम आकडा घ्यायचा, म्हणजे मोठ्या बेरजेत फरक एकाच बाजूला साचत नाही, असा त्यामागे विचार आहे. सर, तुमच्या पेपरात मात्र मी नापास झालो असतो.

नवी भाषा हातात आली की सगळे आधी पडद्यावर ‘नमस्कार’ छापतात. मी ३७.८ घालतो आणि त्याचा पूर्णांक मागतो. कोबोल, जावा, पायथॉन, सगळ्यांनी ३७ दिले. गेल्या वर्षी हौसेने रस्ट शिकायला घेतली. तिनेही ३७च दिले.