सेवा घेणाऱ्याची भाषा

(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



समोरच्या माणसाला संबोधण्यासाठी मराठी भाषेत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी तीन सर्वनामे आहेत. व्याकरणाच्या तासाला त्यांचा पुरुष सांगितला जातो, वचन सांगितले जाते, आदरार्थी अनेकवचनाचे एखादे उदाहरणही फळ्यावर लिहिले जाते. परंतु कोणत्या मनुष्याला कोणते सर्वनाम द्यावयाचे, हा धडा मूल पुस्तकातून शिकत नाही. तो ते वडीलधाऱ्यांचे बोट धरून बाजारात शिकते.

कल्याण स्थानकावर सकाळी उतरलेला एखादा सुशिक्षित गृहस्थ घ्यावा. फलाटावरील तिकीट तपासनिसाशी तो 'साहेब, तुम्ही' असे बोलतो. पूल उतरताच तोच गृहस्थ 'ए रिक्षा!' अशी हाक मारतो. म्हणजे माणसाला वाहनाचे नाव देतो. वाटेत भाजीवालीला, ती वयाने त्याच्या आईएवढी असली तरी, 'केवढ्याला दिलीस गं?' असे विचारतो. उपाहारगृहातील पन्नाशी उलटलेला वाढपी त्याच्या लेखी 'पोऱ्या' असतो. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच बाहेर घंटागाडी वाजते आणि आतून आवाज येतो, 'कचरेवाला आला!' वस्तुतः कचरा घरातल्यांचा असतो. दाराशी आलेला मनुष्य सफाई करणारा असतो. एवढ्या अवधीत बरोबरच्या मुलाचे एक निराळे व्याकरण पाठ होऊन गेलेले असते, आणि ते कोणी शिकविले असे पुढे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही.

ही सवय रेल्वेने किंवा शहराने निर्माण केलेली नाही. तिचे मूळ गावच्या बलुतेदारीत आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, महार यांनी वर्षभर गावाची कामे करावीत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्य घ्यावे, अशी ती रीत होती. श्रम आधीच होऊन गेलेले असत. मोबदला मात्र मागावा लागे. देणारा राशीजवळ उभा, घेणारा पदर किंवा घोंगडी पसरून समोर उभा. त्यामुळे जी न्यायाची मजुरी, तिला दानाचे रूप आले आणि दान घेणाऱ्याला 'तू' म्हणण्यात कोणालाही वावगे वाटेनासे झाले. महारवतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. बलुत्याची जागा रोख पैशाने घेतली. रास गेली, पण राशीजवळ उभे राहण्याचा तोरा जिभेवर राहिला. आज रिक्षाचे भाडे देणारा मनुष्य कायद्याने ठरलेली रक्कम देत असतो. चेहरा मात्र उपकारकर्त्याचा असतो.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर नव्या व्यवहाराचा आरंभ फार लवकर झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली आणि दुसऱ्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. तिकिटाला ठरलेली किंमत होती आणि ती मोजणाऱ्याची जात खिडकीवर विचारली जात नव्हती. सेवा घेणारा आणि देणारा यांचे नाते ठरावीक दामाने बांधले जाण्याची ती सुरुवात म्हणता येईल. पण दाम मोजला की समोरच्याचा मानही आपण विकत घेतला, असा एक नवा समज याच व्यवहारातून वाढला. 'गिऱ्हाईक हा राजा' हे वचन दुकानदाराने आपल्या पाटीवर लिहावे, हे ठीक. गिऱ्हाइकाने ते स्वतःविषयी खरे मानावे, हे हास्यास्पद आहे.

सेवा करणाऱ्यालाही मन असते, हे ज्यांनी उच्चरवाने सांगितले त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्यातच १८४८ साली झाला. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. ही हकीगत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी हकीगत मात्र वर्गात क्वचित सांगितली जाते. त्याच सुमारास लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे ठरविले. ज्यांच्या हातातील वस्तऱ्याला समाज केवळ एक साधन समजत होता, त्यांनी ज्या घरांनी बोलावणे धाडले त्यांच्याहून अधिक दया दाखविली. सातवीच्या वर्गाला हा प्रसंग सांगून पाहावा. मुले पुष्कळ प्रश्न विचारतात.

आता प्रश्न शाळेचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेले मूल हे एकाच वेळी गिऱ्हाइकाचे आणि सेवकाचे मूल असते. शहापूर, मुरबाडच्या वाड्यांवरून पावसाळ्याच्या तोंडाला शेवळी, पुढे करटोली आणि इतर रानभाज्या घेऊन बाया आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याहून पहाटेच्या लोकलने डोंबिवली-ठाण्याच्या बाजारात येतात. शेवळी घशाला खाजतात म्हणून त्यांच्याबरोबर काकडे घालून शिजवावी लागतात. ही बाई जुडीबरोबर काकडेही देते आणि कशी शिजवावी तेही सांगते. म्हणजे ती भाजीबरोबर विद्याही देते, आणि घेणारा तिच्याशी पाच रुपयांसाठी 'तू खूप लुटतेस' असे बोलतो. तिचे मूल सुटीच्या दिवशी टोपलीशेजारी बसलेले असते. आईला काय म्हटले गेले ते त्याला समजते. सोमवारी ते शाळेत येते.

याचा परिणाम हजेरीपटापाशी दिसतो. पालकाचा व्यवसाय विचारला की कोणी मूल 'शेती' म्हणून मोकळे होते, कोणी खाली पाहते. वडील घंटागाडीवर आहेत, आई चार घरची धुणीभांडी करते, हे चाळीस मुलांसमोर उच्चारणे त्याला कठीण जाते. शिक्षकाने हा प्रश्न वर्गात मोठ्याने विचारू नये. तो पालकाला, वेगळा, आणि 'आपण काय काम करता?' अशा शब्दांत विचारावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आगरी, वारली, ठाकरी, कातकरी बोली बोलणाऱ्या अनेक घरांत आईबापांना, आजोबांना, प्रसंगी गुरुजींनाही 'तू' म्हणतात. त्यात अनादराचा लेशही नसतो. अशा मुलाला उद्धट ठरवून त्याच्यावर 'तुम्ही' लादणारा शिक्षक चुकीच्या जागी औषध लावतो. जे मूल सर्वांना 'तू' म्हणते ते समानच वागवीत असते. जे मूल साहेबाला 'तुम्ही' आणि पोषण आहार शिजविणाऱ्या बाईला 'तू' म्हणते, दोष तेथे आहे. 'मावशी' म्हटल्यानेही तो झाकला जात नाही. 'मावशी, तू आज पुन्हा उशीर केलास' या वाक्यात नाते आहे, मान नाही.

सौजन्य म्हणजे हक्क सोडणे, असा गैरसमज होऊ नये. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस ग्राहक दिन झाला. २०१९ साली नवा कायदा आला. वजन कमी भरले, भाडे जास्त घेतले, तर अवश्य तक्रार करावी. पण तक्रार कृतीविषयी असावी, माणसाच्या जातीविषयी, प्रांताविषयी किंवा बुद्धीविषयी नसावी. 'मापात काटा सरळ नाही' असे म्हणता येते. 'तुम्ही लोक असेच' असे म्हणण्याचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

शिवाय सौजन्य नुसते शब्दांत नसते. एस.टी.त चढण्यापूर्वी सुटे पैसे काढून ठेवणे, तिकिटाच्या खिडकीशी पोहोचल्यावर गावाचे नाव आठवत न बसणे, शेअर रिक्षाच्या रांगेत मध्येच न घुसणे, दुपारच्या उन्हात पार्सल आणणाऱ्याला जिना उतरण्यापूर्वी पाणी विचारणे, हे सारे त्यातच येते. दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलींचे पाय दिवसभरात किती दुखत असतील, याचा विचार गिऱ्हाईक सहसा करीत नाही. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली अशा कामगारांना बसण्याची सोय द्यावी असा कायदा केला. गिऱ्हाइकासमोर बसणे हा उद्धटपणा, ही समजूत मोडण्यासाठी कायद्याला यावे लागले.

शाळेत याचे शिक्षण भाषणाने होणार नाही. बऱ्याच शाळांतून बालआनंद मेळावा किंवा मुलांचा आठवडी बाजार भरतो. मुले घरची भाजी, भेळ, लिंबूसरबत विकतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी फळ्यावर नफा-तोटा मांडतात. गणित झाल्यावर त्याच तासाला मुलांना आणखी चार ओळी लिहावयास सांगाव्यात: खरेदीला आलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणी कशी हाक मारली, कोणी विस्कटलेली जुडी नीट ठेवली, कोणी पैसे हातात दिले आणि कोणी टाकले. हे कागद सरपंच, पालक आणि स्वतः शिक्षक यांनी नंतर शांतपणे वाचावेत. नावे मुलांनी लिहिलेली असतील, तर ती खोडू नयेत.