संघाचा मॉनिटर घ्यायला जाताना
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



कार्यालयाचा जुना मॉनिटर बदलायचं मागच्या बैठकीत ठरलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "त्यापेक्षा मोठा टीव्हीच आणा ना!" सगळ्या हसल्या. मी नाही हसले, कारण ती चूक मी केलेली आहे. आधीच्या प्रभागात मीच आग्रहाने 32 इंची टीव्ही कॉम्प्युटरला जोडायला लावला. लांबून सिनेमा झकास दिसायचा, पण हातभर अंतरावरून आकडे फाटायचे. वहीत उतरवताना एका ताईंचा 8,300 चा हप्ता 3,300 झाला. तीन महिने त्यांना गटात थकबाकीदार म्हणत होते. पावती जपून ठेवली होती म्हणून निभावलं.

पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. स्वस्तातल्या बऱ्याच 32 इंची टीव्हीत आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके असतात. 24 इंची साध्या मॉनिटरमध्येही 1920 आणि 1080. पडदा लहान, पण ठिपके जवळपास दुप्पट. जाडंभरडं कापड आणि बारीक सुताचं लुगडं, तसाच फरक.

आता माप. लुगड्याचा पन्हा आपण सरळ मोजतो, मॉनिटर मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. इथेच फसगत होते. आपला जुना चौकोनी 19 इंची आहे ना, त्याची उंची जवळपास 12 इंच. नवा लांबट 22 इंची घेतला तर उंची अकरासुद्धा भरत नाही! आकडा वाढला, पडदा बुटका झाला. 24 इंचीत जुनी उंची राहते आणि रुंदी वाढते, म्हणजे बचत, कर्ज, व्याज, दंड एका ओळीत दिसतं. म्हणून माझं मत 24 ला.

वाकवलेला पडदा नको. तो समोर बसणाऱ्या एकटीसाठी. आपल्याकडे लेखापाल ताई बसते आणि चौघी बाजूने डोकावतात, आणि डोकावलंच पाहिजे, पैसा आपला आहे. सपाट घ्या, 'आयपीएस' मागा. बाजूने बघितलं तरी अक्षर फिकं पडत नाही. आणि हो, आपल्या जुन्या सीपीयूला निळी व्हीजीए पिनच आहे. तीच जागा नव्याच्या पाठीमागे आहे का, ते आधी बघायचं.

जळगावला गोलाणी मार्केटला जा की धुळ्याला आग्रा रोडला, दुकानात रंगीत मासे दाखवतील. आपण पेनड्राईव्हवर आपल्याच हिशोबाची फाईल न्यायची, नावं काढून. दोन हात लांब, जरा बाजूला उभं राहून एक ओळ मोठ्याने वाचायची.

मंगळवारी मी जातेय. सोबत कोण येतंय? एक तरी चष्मेवाली हवी.