पाऊस हाकलतो, माती बोलावते



मेंढ्यांची परिषद पनवेलला कशासाठी, असे काहींच्या मनात आले असणारच. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात मेंढी बारमाही टिकत नाही. चिखलात खूर कुजतात, लोकर भिजून जड होते, साचल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमी शिरतो. माण, खटाव, सांगोल्याकडे जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, मुरमाड माळ आणि आखूड गवत. दख्खनी मेंढी त्या माळाची. तिकडेही पावसाळ्यात कळप काळ्या चिकण रानातून काढून, निचऱ्याच्या हलक्या जमिनीवर नेतात.

दिवाळीनंतर माळावरचा चारा सरतो. मग घोड्यांवर बिऱ्हाड लादून धनगरांचे वाडे कोकणात उतरतात. इथल्या जांभ्या मातीतला चुना आणि अन्नद्रव्ये पावसाने धुऊन नेलेली असतात, त्यामुळे शेतकरी खताला आसुसलेला. भातकापणीनंतर मोकळ्या खाचरात तिन्हीसांजेला जाळीची वाघर ताणायची, मेंढ्या आत बसवायच्या. रात्रभर लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत पडते. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यात. मोबदल्यात पूर्वी भात मिळायचे, आता बहुधा रोख. मृगाच्या आधी मात्र घाट चढायलाच हवा.

ओलीशी प्रत्येक मेंढीचे वैर असते असेही नाही. इंग्लंडमधल्या केंटच्या दलदलीत रोम्नी जात वाढली. सुंदरबनातली चिमुकली गरोळ तर गुडघाभर पाण्यात चरते. तिचा जुळी देणारा जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. तिथे कोकरांची संख्या वाढवायची होती, चिखल सोसणारी मेंढी घडवायची नव्हती. म्हणून ‘सुवर्णा’ पनवेलच्या आषाढात आणून बांधण्याचा मोह कुणी धरू नये.

खरी अडचण जमिनीची आहे. खाचरे प्लॉट झाली, महामार्ग रुंदावले, विमानतळ आला. कळप उतरतात, पण बसायला शेत शोधत फिरतात. या परिषदेने रायगडमधल्या उतरण्याच्या वाटा, पाणवठे आणि मेंढ्या बसवू देणारी गावे यांचा तालुकावार नकाशा तयार करून तो जिल्हा प्रशासनाकडे द्यावा, ही पनवेलच्या स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.